किती धरले?

साहेब, मासे धरले तुम्ही आणि धरून नेलंत माझ्या सासूला.

हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की कागद चुरगळायचा ते तुम्हाला ठरवता येईल. तुमच्या खुर्चीत आज कोण बसतं मला माहीत नाही. चार वर्षांत तीन साहेब बदलले. खुर्ची तीच राहिली आणि छापील फॉर्मही तोच राहिला. माझं भांडण त्या फॉर्मशी आहे. रकाना सात. काढून समोर ठेवा, मग वाचा.

मी चिमी नवसू हिलम, राहणार उंबरकोंड कातकरीवाडी. वाडी सावळी नदीच्या काठाला, धरणाच्या खाली पाऊण कोसावर. नवरा वीटभट्टीवर, वर्षातले सहा महिने बाहेर. तुमच्या कागदांत मी दोन ठिकाणी आहे: एकदा 'जलवाचन सेविका' म्हणून, एकदा आरोपीची सून म्हणून. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण तुमच्या यंत्राच्या पुस्तिका वाचून झालं, तेव्हा शास्त्रातलं हिला काय कळणार, असं धरून मला पत्रं लिहू नका.

चार वर्षांपूर्वी तुमचा माणूस फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला. वाटेत चिखल होता म्हणून जीपमधून उतरला नाही. खिडकीतून म्हणाला, "तू वाचणारी आहेस ना? मग भर सगळ्या वाडीचे." मी भरले. नाव, वय, जाळं आहे का, गळ आहे का. रकाना पाच, मासा: वाम. रकाना सहा, अवस्था: पिल्लू. रकाना सात: किती धरले?

माझी सासू बुधी चुलीपुढे बसून पेंढ्याचा दोर वळत होती. मी विचारलं, "आत्ये, सुया किती धरल्यास औंदा?" वामीच्या पिल्लांना आम्ही सुया म्हणतो. दिसतात तशाच.

"बत्तीस हजार."

"तोंडाला येईल तो आकडा सांगू नको. सरकारी कागद आहे."

"मग सरकारला म्हणावं, ये मोजायला. एका करवंटीत दोनशे. चाळीस करवंट्यांची एक टोपली. चार टोपल्या. कर की गुणाकार, सातवी शिकलीस ना?"

केला. बत्तीस हजारच आला. बुधी मशेरीनं काळे पडलेले दात दाखवत हसली. "ठळक लिही," म्हणाली. मी ठळक लिहिलं. अभिमानानं लिहिलं, साहेब. खालच्या वाड्यांपैकी कुणाचा आकडा दोन-तीनशेच्या वर गेला नव्हता.

आता आमच्यात धरणं म्हणजे काय ते ऐका. धरणं म्हणजे हातात घेणं. पोर रडलं की धरतात. म्हातारं माणूस उतारावर घसरायला लागलं की धरतात. मासा मारला तर आम्ही 'मारला' म्हणतो, खाल्ला तर 'खाल्ला' म्हणतो. बुधीनं बत्तीस हजार धरल्या होत्या. मारली एकही नव्हती. धरून पुढे काय केलं, हे विचारणारा रकाना तुमच्या फॉर्मात नव्हता. आठवा रकाना सरळ अंगठ्याचा होता.

चूक तिथे झाली. ती माझ्या हातानं झाली, हे मी लपवत नाही. पण प्रश्न तुमचा होता.

*

वाम कुठून येते हे तुमच्या बंदीच्या आदेशात कुठेच नाही, म्हणून मी सांगते. मला हे रेगे मॅडमनी सांगितलं. त्या तुमच्याच प्रकल्पाच्या शास्त्रज्ञ. ऐकताना माझ्या हातातला चहा गार झाला होता.

नदीतली वाम नदीत जन्मत नाही. ती जन्मते भर समुद्रात, किनाऱ्यापासून हजारो मैलांवर, सूर्य कधी पोचला नाही इतक्या खोल पाण्यात. नक्की कुठे, ते आजही कुणाला ठाऊक नाही. तिला तिथे अंडी घालताना पाहिलेला माणूस जगात नाही. अंड्यातून निघतं ते पिल्लू झाडाच्या पानासारखं चपटं आणि काचेसारखं आरपार. त्याला धड पोहता येत नाही. समुद्राच्या प्रवाहावर ते महिनोन् महिने वाहत येतं आणि खाडीच्या तोंडाशी येईतो त्याची सुई होते. तळहातावर घेतलीत तर तिच्या अंगातून तुमच्या हातावरची रेघ दिसेल. गोडं पाणी लागलं की ती रंग धरते आणि चढायला लागते. दगडावरून, शेवाळावरून, ओल्या कातळावरून उभी चढते. वर कुठल्या तरी कपारीत शिरते आणि पंधरा-वीस वर्षं राहते. साप वाटावा इतकी होते. मग एका वर्षी, का ते तिचं तिला माहीत, खाणं सोडते. आतडं आक्रसतं. डोळे दुप्पट होतात, कारण पुढे काळोखातून जायचंय. पिवळं पोट चांदीसारखं होतं. आणि ती उलटी निघते, नदीतून खाडीत, खाडीतून समुद्रात, जिथे जन्मली त्या खोल जागी. तिथे अंडी घालते आणि मरते.

मी घरी येऊन हे सगळं बुधीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "यात नवीन काय? माहेरवाशीण ती."

"कोण?"

"चांदीच्या पोटाची. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, तशी ती जाते. डोळे मोठे झाले की समजायचं, निघाली. तिला धरायची नाही. माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. तुझ्या मॅडमला कुणी सांगितलं?"

बुधीनं समुद्र पाहिलेला नाही, साहेब. खाडीच्या बंदरापलीकडे ती कधी गेलेली नाही.

धरणाच्या आधी तिथे धबधबा होता. त्याला पायरी म्हणायचे. श्रावण सरता सरता सुया खाडीतून चढत येत आणि पायरीशी थकत. वाडीतली एक बाई पेंढ्याचे दोर वळून पाण्यात सोडे. सुया दोरात शिरत. सकाळी दोर झटकून त्या पळसाच्या ओल्या पानांच्या टोपलीत घ्यायच्या आणि पायरीच्या वर नेऊन सोडायच्या. हिचं नाव वरची टोपली. तिच्यातलं कुणी खायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, विकायचं तर मनातही आणायचं नाही. टोपली सासूकडून सुनेकडे येते, आणि सासू देईल तेव्हाच येते. मग पायरीवरच तुम्ही धरण बांधलंत. बुधी तेव्हा माझ्याहूनही लहान होती. भिंतीच्या कडेनं वर जायला चारशे अकरा पायऱ्या केल्या होत्या, तुमच्या माणसांसाठी. बुधी त्या चढायला लागली.

मी एकदा विचारलं होतं, धरण झाल्यावर सोडून का नाही दिलंस? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "पायरी जरा उंच झाली, एवढंच."

*

बत्तीस हजार तुमच्या कार्यालयात पोचले आणि तिथे त्यांची कत्तल झाली. कागदावर. 'उंबरकोंड येथे दर हंगामात बत्तीस हजार पिल्लांचा संहार.' सावळीतल्या वामी संपत चालल्या होत्या हे खरं होतं. आम्हालाही दिसत होतं. पूर्वी सात ठिकाणी लागायच्या त्या दोन ठिकाणी लागत. कुणी तरी गुन्हेगार हवा होता, आणि आम्ही स्वतःच्या हातानं ठळक लिहून दिलं होतं.

आदेश आला. धरणापासून खाडीपर्यंत उंबरकोंडच्या कुणीही पाण्यात हात घालायचा नाही. घातला तर सहा महिने कैद, आणि वाडीचा नदीवरचा हक्क कायमचा रद्द. एका माणसाचा हात, सगळ्या वाडीची नदी. मग तुमची माणसं आली आणि प्रत्येकाच्या गालात कापूस फिरवून आमची ओळख डब्यात भरून घेऊन गेली. चोराचे ठसे घेतात तशी. बुधीनं तोंड उघडलं आणि कापूसवाल्या मुलीला विचारलं, "दात मोजतेस का गं?"

त्याच महिन्यात यंत्र आलं. त्याचं सरकारी नाव दीड ओळीचं आहे. वाडीनं पहिल्याच दिवशी त्याला जीभ नाव ठेवलं. खांद्याला अडकवायचा डबा, खाली एक नळी. नळी पाण्यात धरायची, जीभ पाणी चाखते आणि सांगते कोण कोण येऊन गेलं.

कशी, तेही सांगते. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव सतत काही तरी टाकत असतो. बुळबुळ, खवला, कातडीचा कण. त्या प्रत्येक कणात त्या जिवाचा धागा असतो, रेगे मॅडम डीएनए म्हणतात तो. धाग्यावर जात लिहिलेली असते, आणि दोन वामींचा धागा कधी सारखा नसतो, त्यामुळे किती आहेत तेही कळतं. नव्या जिभेला आणखी एक येतं. वय वाढतं तसे धाग्यावर ठरावीक जागी बारीक डाग धरत जातात, पितळेच्या भांड्याला धरतात तसे. ते डाग वाचून जीभ त्या जिवाचं वय सांगते. ओंजळभर पाणी, त्यात वाम नाही, काही नाही, नितळ. आणि जीभ म्हणते, काल इथून सहा वर्षांची वाम गेली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नळी बाहेर काढून नदीच्या पाया पडले. रेगे मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मीपण पडले होते, प्रयोगशाळेच्या बेसिनला."

ती जीभ सांभाळायला तुम्ही मला ठेवलंत. पाण्यात नळी घालायची परवानगी, हात घालायची नाही. रोज पाच ठिकाणं. पाचवं धरणाच्या पायाशी.

घरी आले की बुधी विचारायची, "काय गं सरकारी सूनबाई, आज तुझ्या जिभेनं काय चाखलं? मीठ बरोबर होतं का?" आणि तोंड फिरवून दोर वळत बसायची. बंदीतही ती दोर वळायची. वळून आढ्याला टांगायची. तीन वर्षांत आढं भरलं.

पाचव्या ठिकाणी सुयांचा आकडा दर वर्षी चढत गेला. तुम्ही फलक लावलात: 'बंदी यशस्वी! सावळी परत आली.' साहेब, तुम्ही कधी त्या पाचव्या ठिकाणी उभे राहिलात? मी रोज राहायची. भिंतीला पाझराची ओल आहे तिथवर सुया चढत. माणसाच्या उंचीइतक्या. वर सिमेंट कोरडं. त्या कोरड्या कडेवर हजारो सुया वाळून चिकटलेल्या होत्या, विंचरलेल्या केसांचा गुंतवळ चिकटावा तशा. त्यांच्या अंगावरून नव्या चढत होत्या आणि तिथेच थांबत होत्या. जिभेला आकडा दिसत होता, कारण वर जायला कुणी नेत नव्हतं. गर्दीला तुम्ही वाढ म्हणालात.

मी शेऱ्यात लिहिलं: 'पिल्लं भिंतीशी मरत आहेत.' तुमचं उत्तर आलं, माझ्याजवळ जपून ठेवलंय: 'सेविकेनं निरीक्षण नोंदवू नये. नमुना नोंदवावा.'

*

औंदा, नारळी पुनवेनंतर बाराव्या दिवशी, पाचव्या ठिकाणी जिभेनं नवी ओळ दाखवली. 'मानव. उंबरकोंड. नोंद क्रमांक चौदा.'

चौदा म्हणजे बुधी.

नियम असा आहे की अशा ओळीवर सेविकेनं तीन दिवसांत अंगठा द्यायचा. दिला तर ती कायम होते आणि तुमच्याकडे पोचते. 'सदोष' असं बटण दाबलं तर पुसली जाते. मी डबा खांद्याला अडकवला आणि घराकडे पळत सुटले. बुधी अंगणात पाय पसरून बसली होती. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधलेला.

"आत्ये, पाण्यात हात घातलास?"

"एक नाही, दोन्ही घातले."

"जिभेनं धरलं तुला!"

"बरं झालं. निदान तिला तरी चव कळली."

"हसतेस काय? तुला आत टाकतील."

"टाकू दे. बसून जेवायला मिळतं म्हणतात."

"आणि वाडीचा हक्क? तो कायमचा जाईल, तुझ्या एकटीपायी!"

तिनं पाल्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "चिमे, तीन वर्षं झाली. वाडीतल्या कुणी नदीला हात लावलेला नाही. हात न लावायच्या हक्काला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात?"

तिनं ओट्यावरची टोपली ओढली. वर पळसाची पानं, ओली. पानांखाली सळसळ.

"चल. लग्न झालं तेव्हाच तुला न्यायला हवी होती."

"आत्ता? उन्हाचं? गार्ड असेल."

"दुपारी कदम गार्ड जेवतो आणि घोरतो. छत्तीस वर्षांत तीन गार्ड झाले. जेवतात सगळेच."

चारशे अकरा पायऱ्या. ती साठी ओलांडलेली, डोक्यावर टोपली, एक गुडघा वाकत नाही. मी पस्तिशीच्या आतली, धापा टाकत मागं. मध्ये मी म्हटलं, "दे इकडे, मी घेते." ती थांबली नाही. "अजून दिलेली नाही तुला," म्हणाली.

वर पाणी. मी धरणाचं पाणी वरून पहिल्यांदाच बघत होते. बुधी काठाला बसली, टोपली पाण्यात तिरकी टेकवली आणि हात काढून घेतले. मी म्हटलं ओत. ती वसकली, "ओततात काय? पाहुण्यांना घरात ढकलतेस का तू? त्यांचं त्यांना जाऊ दे." पानांखालून एक सुई निघाली, पाण्यापाशी थबकली, आणि गेली. मग दुसरी. मग टोपलीतून दोराच्या दोर सुटल्यासारखे वाहायला लागले, काळेभोर, एका सुरात, आणि निळ्या पाण्यात बघता बघता विरून गेले. बुधी पुटपुटली, "जा, वाढा. आणि चांदीच्या होऊन या."

माझ्या खांद्याला जीभ होती. तुमच्या नकाशात धरणाच्या वरचं पाणी राखाडी रंगवलंय आणि त्यावर छापलंय: 'वाम संभवत नाही.' त्यामुळे तिथे कुणी नळी घातली नव्हती. मी घातली.

जीभ एरवी चार-पाच ओळी देते. त्या दिवशी ती थांबेचना. वाम, चार वर्षं. वाम, अकरा वर्षं. वाम, सात. वाम, एकोणीस. वाम, तेवीस. वाम, पस्तीस. पडदा वर सरकत राहिला आणि मी उकिडवी बसून वाचत राहिले. बुधी म्हणाली, "काय म्हणते?" मी नुसता तिच्या पायावर हात ठेवला. वाकत नव्हता त्या गुडघ्यावर.

*

रेगे मॅडमना मी फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या जबाबदारीवर होडी घेऊन आल्या. बुधी, मॅडम आणि मी. एकोणीस ठिकाणी पाणी चाखलं. काठावर येऊन मॅडमनी सगळे आकडे एकत्र केले आणि पडद्यावर वयाप्रमाणे उभ्या पट्ट्या काढल्या. एका वर्षाची एक पट्टी. कालच्या सुया वगळून चार हजार तीनशे वामी. चार वर्षांच्या वामीपासून पस्तीसपर्यंत, दर वर्षाची पट्टी.

"हे शक्य नाही," मॅडम म्हणाल्या. "साठ मीटरची उभी भिंत आहे. एखादी चढेल. दर वर्षी? आणि एक, दोन, तीन वर्षांची एकही नाही."

"तीन वर्षं बंदी आहे," मी म्हटलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग बुधीकडे, मग टोपलीकडे. त्यांचं बोट पडद्यावर हळूहळू मागे जायला लागलं. नऊवर थांबलं. तिथे पट्टी नव्हती, नुसती मोकळी जागा.

"आजी, नऊ वर्षांपूर्वी काय झालं होतं?"

बुधीनं बोटं मोजली. "हिचं लग्न. नाचताना पाय मोडला माझा."

खरं आहे. मी नवरी होऊन आले तेव्हा सासू प्लास्टरमध्ये होती.

बोट मागे गेलं. सतरावर पट्टी अगदी लहान होती, शेजारच्यांच्या पाव.

"त्या साली धनी गेला," बुधी म्हणाली. "सुतक होतं. पण सुया थांबतात होय? एकच टोपली नेली."

चौतीसवर पुन्हा मोकळं.

"नवसू पोटात होता. सातवा लागलेला. चार पायऱ्या चढले आणि चक्कर आली, तर सासूनं हात धरून खाली आणली."

मॅडम दगडावर बसल्या. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. एका बाईचा सगळा जन्म पाण्यात लिहून ठेवलेला होता. तिचं लग्न लावलेलं पोर, तिचा मेलेला नवरा, तिचं मोडलेलं हाड. कुणी लिहून ठेवायला सांगितलं नव्हतं. वामींनी आपल्या अंगावर लिहून ठेवलं होतं. आणि जगात कुणी नव्हतं त्यांना वाचणारं, कालपर्यंत.

मग मॅडमनी पट्ट्यांच्या जुन्या टोकावर बोट ठेवलं. "वीस वर्षांच्या वरच्या अकराशे चाळीस आहेत. यांनी इथे असायला नको होतं. यांनी कधीच समुद्राला जायला हवं होतं."

"चला, दाखवते," बुधी म्हणाली.

भिंतीच्या आतल्या अंगाला, खालच्या दाराच्या जाळीपाशी, तिनं आम्हाला पालथं झोपायला लावलं. ऊन तिरकं पाण्यात शिरत होतं. आधी मला फक्त सिमेंट दिसलं. मग सिमेंट हललं. त्या होत्या. हाताच्या दंडाएवढ्या जाड, एकीला लागून एक, शेकडो. पोटं चांदीची. डोळे एवढाले. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. भिंतीपलीकडे नदी, नदीपुढे खाडी, खाडीपुढे तो समुद्र, जिथून त्या पानासारख्या तरंगत निघाल्या होत्या. त्यांना ते माहीत होतं. त्यांना अन्न नको होतं. त्या नुसत्या तोंड टेकून थांबल्या होत्या. काही मी जन्मायच्या आधीपासून नदीत होत्या.

मॅडम कुजबुजल्या, "पूर येतो तेव्हा वरून सांडव्यावरून थोड्या जात असतील. त्यांचीच पिल्लं परत येतायत. म्हणून सावळीत अजून वाम आहे."

मी म्हटलं, "आत्ये, सुया वर आणतेस. मग यांना खाली का नाही नेलंस?"

ती माझ्यावर चिडली. "माहेरवाशिणीला धरतात का कुणी? तिला वाट द्यायची असते." मग पाण्याकडे बघून, लेकींशी बोलावं तशी म्हणाली, "थांबा गं बायांनो. मी त्यांना सांगते आहे."

छत्तीस वर्षं ती कुणाला तरी सांगत होती, साहेब. दर साली एक तरी अर्ज. मी तुमच्याकडे शोधायला लावले, एकही नोंदलेला नाही. तिनं ते कदमला आणि त्याच्या आधीच्या दोघांना तोंडी सांगितले होते.

*

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. जीभ चुलीपाशी ठेवलेली. पडद्यावर ओळ: क्रमांक चौदा. खाली दोन जागा, अंगठा आणि 'सदोष'.

मॅडम म्हणाल्या, "चिमी, मी काही सांगणार नाही. फक्त एवढंच, ही ओळ सदोष ठरली तर यंत्र सदोष ठरतं. मग वरची चार हजार तीनशेसुद्धा सदोष. दोन्ही एकाच जिभेनं सांगितलंय."

"आणि अंगठा दिला तर ही आत जाते, वाडीचा हक्क जातो."

"हो."

माझा अंगठा हवेत राहिला. मी सून आहे हिची. नऊ वर्षं हिनं मला टोमणे मारलेत आणि माझी दोन्ही बाळंतपणं हिनं केलीत. मी 'सदोष'कडे बोट नेलं.

"थांब," बुधी म्हणाली. "काय पुसतेस?"

"तुझा हात."

"माझा हात पुसलास तर वरच्या कुणाच्या? आभाळातून पडल्या? चार साल मागं तू बत्तीस हजार ठळक लिहिलेस, ते खरं होतं. पुढचं कुणी विचारलं नाही. आता यंत्र न विचारता सांगतंय, तर तू त्याचं तोंड दाबतेस?" ती सरकत जवळ आली. "लिही. पाण्यात माझा हात होता."

तिनं माझं मनगट धरलं. अंगठा मीच दिला, पण मनगट तिनं धरलं होतं. हे दोन्ही मी नोंदवते. निरीक्षण म्हणून.

सकाळी कदम गार्ड दोन माणसं घेऊन आला. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. "बुधी आजी, चलावं लागेल."

"जेवलास का रे?" तिनं विचारलं. तो रडायला लागला.

जाताना तिनं आढ्यावरचे दोर दाखवले. "तीन सालांचे आहेत. कुजलेले आधी काढ." आणि ओट्यावरची टोपली उचलून माझ्या हातात दिली. काही बोलली नाही. ती कधी, कशी द्यायची असते ते मला माहीत नव्हतं. अशीच देत असतील.

*

तुमचं पत्र आलं. 'जलाशय प्रकल्पाच्या हद्दीबाहेर असल्याने तेथील वाचन ग्राह्य धरता येत नाही. आरोपीचा हात हद्दीत असल्याने ग्राह्य धरण्यात येत आहे.' एकच जीभ. तिचं अर्धं बोलणं तुम्ही धरलंत, अर्धं सोडलंत. बुधीला आत जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तिचा गुडघा सुजलाय आणि ती तिथल्या बायकांना दोर वळायला शिकवते आहे.

मी दया मागत नाही. कार्तिक लागेल तेव्हा खालच्या दाराची जाळी काढा आणि दार आठ दिवस उघडा. पाणी तसंही सोडताच तुम्ही, कारखान्यांना. त्या आठ दिवसांत काठावर उभे राहा आणि चांदी वाहताना बघा. ज्या जागी त्या जातील ती जागा तुम्ही, मी, रेगे मॅडम, कुणीच कधी पाहिलेली नाही आणि पाहणार नाही. फक्त त्यांना ठाऊक आहे. त्यांना तेवढं तरी पोचू द्या.

आणि तोवर, मी उद्या सकाळी दोर सोडणार आहे. क्रमांक एकवीस माझा आहे. जिभेला दिसेल. अंगठा मीच देईन.

सोबत तुमचाच फॉर्म जोडलाय. बरंचसं मी भरून दिलंय, वाडीचेही मीच भरले होते. नाव: तुम्ही सांगत नाही, म्हणून रिकामं. साधन: सिमेंटची भिंत. किती वर्षांपासून: छत्तीस. मासा: वाम. अवस्था: माहेराला निघालेली.

रकाना सात मी भरलेला नाही. आकडा मला माहीत आहे, तुम्हालाही आहे, पण तो तुमच्या हातानं लिहून यायला हवा, ठळक, खाली सहीसकट.

किती धरले?